कंबर कसायची म्हणजे काय?

आपल्या भाषेत कमरेवाचून पान हलत नाही. मोठं काम अंगावर घ्यायचं तर आपण कंबर कसतो, भांडायला उभं राहायचं तर पदर खोचून कमरेवर हात ठेवतो, महागाईनं आपलं कंबरडं मोडतं. एवढा सगळा भार ज्या जागेवर टाकला, त्या जागेसाठी आपण करतो काय? बाम चोळतो, गरम पाण्याची पिशवी ठेवतो, आणि फारच झालं तर पट्टा आणून बांधतो. बस्स!

मैत्रिणींनो, भिशी असो, हळदीकुंकू असो की बचत गटाची बैठक, चार बायका जमल्या की गप्पा फिरून फिरून कमरेवर येतात की नाही? आणि शेवटी एखादी अनुभवी मावशी निकाल देऊन टाकते, ‘बाईची कंबर मेली नाजूकच!’ यावर सगळ्याजणी माना डोलावतात. मी मात्र डोलावत नाही. गेली बावीस वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावी व्यायामशाळेत मुलींना दोरीचा मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकवते. एवढ्या वर्षांत शेकडो मुलींच्या आणि आता त्यांच्या आयांच्याही कमरा पाहिल्या. त्यावरून सांगते, बाईच्या कमरेत बळ असतं. ते कसं वापरायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

मल्लखांब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तेल लावलेला लाकडी खांब आणि त्यावर सरसर चढणारे मुलगे येतात. पेशव्यांच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, हे आपण ऐकलेलं असतं. पूर्वी याचाच एक प्रकार टांगलेल्या वेतावर करत. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला, आणि हा दोर मुलींनी आपलासा केला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर पकडून मुली वर चढतात आणि अधांतरी आसनं लावतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी मुलीही आपला मल्लखांब करताना लोकांनी डोळे भरून पाहिल्या. याच शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

बघणाऱ्याला त्यातली लवचीकता आधी दिसते. ‘अगं बाई, हाडं आहेत की रबर?’ असं हमखास कानावर येतं. पण दोरावर सगळ्यात अवघड काय असतं ठाऊक आहे? वाकणं नव्हे. अंग आडवं, सरळ, काठीसारखं धरून तसंच थांबणं. जिम्नॅस्टिक्समध्येही तेच. पुरुषांच्या रिंग्जवर अशी स्थिर स्थिती निदान २ सेकंद धरावी लागते, तेव्हा कुठे ती मोजली जाते. २ सेकंद म्हणजे काय, ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही!

हाताला दोष, कमरेचा गुन्हा

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. मयूरासन तुम्ही शाळेच्या योगासनांच्या तक्त्यावर पाहिलं असेल. ‘हठयोगप्रदीपिके’तही ते सांगितलेलं आहे. तळवे जमिनीवर, बोटं पायांकडे, कोपरं बेंबीच्या दोन बाजूंना रुतवलेली, आणि डोक्यापासून पायापर्यंत सारं अंग जमिनीला समांतर. हातावर तोललेला मोरच जणू. जिम्नॅस्टिक्समधलं ‘प्लँश’ हे त्याचं थोरलं भावंड. त्यात कोपरांचा टेकू नसतो, हात सरळ आणि सगळं अंग हवेत. रिंग्जवर किंवा बारवर हात पाठीमागे नेऊन पालथं आडवं राहायचं, त्याला ‘बॅक लीव्हर’ म्हणतात.

हे करून पाहणारी प्रत्येकजण पहिल्या दिवशी मला एकच वाक्य सांगते, ‘ताई, माझ्या हातात ताकदच नाही.’ मी म्हणते, नीट बघ. मयूरासनात हात खांबासारखे उभे असतात आणि त्यावर पोट टेकलेलं असतं. मग पडतं काय? पाय पडतात! डोकं-छाती पुढे, पाय मागे, असा हा तराजू आहे. आपल्या दोन्ही पायांचं मिळून वजन एकंदर वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा भरतं. बाई ५५ किलोची असेल तर सुमारे १८ किलो. हे एवढं ओझं कमरेच्या मागे लांबवर लटकतं. आता भरलेली घागर आठवा. कमरेवर घेतली तर मैलभर नेता येते, पण तीच घागर हात लांब करून धरा बरं! ओझं तेवढंच असतं, अंतर वाढलं की ते अनेक पटींनी जड होतं. पालथं आडवं राहताना पायांची घागर अशीच लांब धरलेली असते, आणि ती धरते कंबर आणि तिच्याखालचे नितंब.

म्हणूनच शिकवताना आम्ही ही घागर आधी जवळ आणतो. गुडघे पोटाशी घेतले की अंतर कमी. मग एक पाय लांब, मग दोन्ही पाय फाकवून लांब, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही जुळवून सरळ. जगभर जिम्नॅस्टिक्समध्ये याच पायऱ्या आहेत. यात जादू काही नाही, साधा तराजूचा हिशेब आहे.

उलट, अंग उताणं आडवं धरायचं असेल तर भार पोटाच्या स्नायूंवर येतो. म्हणून पोट आणि पाठ ही जोडी आहे. एकीला खाऊ घातलं आणि दुसरीला उपाशी ठेवलं, तर संसार चालेल का?

एका मुलीची गोष्ट

हा हिशेब किती महत्त्वाचा आहे, ते आमच्याकडच्या एका मुलीमुळे सगळ्यांना कळलं. आठवीतली पोर, तेरा वर्षांची. अंग असं लवचीक की मागे वाकून सहज घोटे धरायची. आमच्याकडे येऊन तिला दोनच महिने झाले होते. त्याआधी आणि नंतरही, मोबाइलवरचे नाचाचे व्हिडिओ बघून घरी ती रोज पन्नास-पन्नास वेळा मागे कमान टाकायची. घरच्यांना कौतुक. कुणी पाहुणा आला की, ‘बाळा, ती कमान करून दाखव.’

एक दिवस दोरावरून उतरताना तिनं उजव्या बाजूला, कमरेच्या अगदी खाली हात ठेवलेला मी पाहिला. ‘दुखतंय का गं?’ ‘थोडंसं, ताई. तीन आठवडे झाले.’ तिला एका पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगितलं, तर तोंड वेडंवाकडं झालं. त्याच दिवशी तिचा सराव बंद केला आणि आईला बोलावून जिल्ह्याच्या ठिकाणी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. वाढत्या वयातल्या खेळाडू मुलामुलींची पाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

तपासणीत निघालं ते असं. कमरेत ५ मणके असतात. त्यातल्या सर्वांत खालच्या, पाचव्या मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद दांडा असतो. सारखं सारखं मागे वाकल्यानं त्याच दांड्यावर ताण येऊन केसाएवढी चीर पडायला लागली होती. डॉक्टर याला स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुली आणि क्रिकेटमधले तरुण जलद गोलंदाज यांच्यात हे नेहमी आढळतं. वेळेवर लक्षात आलं तर विश्रांतीनं बहुतेक मुलं पूर्ववत खेळू लागतात. डॉक्टरांनी तीन महिने खेळ बंद सांगितला.

घरी मात्र वादळ उठलं. आजी तरातरा व्यायामशाळेत आल्या. ‘अहो बाई, मुलीची जात आहे. उद्या कमरेचं काही झालं तर तिचं लग्न कसं व्हायचं, बाळंतपण कसं व्हायचं? आता दोर नको नि काही नको!’ आजींचा राग मला कळत होता. नातीवरच्या मायेतूनच तो आला होता. तिची आई गप्प उभी होती. ब्लाउज शिवून घराला हातभार लावणारी बाई, दिवसाचे आठ तास मशीनवर वाकलेली. आजी गेल्यावर तिनं हळूच विचारलं, ‘मॅडम, माझी पण कंबर सारखी धरते. माझीच कच्ची कंबर तिच्यात उतरली का हो?’

हा प्रश्न मला लागला. एका दुखण्यामुळे एक मुलगी खेळाला मुकणार होती, आणि एका आईनं त्याचा दोष मुकाट्यानं स्वतःच्या अंगावर घेतला होता. मी तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

कच्ची कुणाची? पक्की कुणाची?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी दोरखंडासारखे लांब स्नायू असतात. त्यांच्याखाली, मणक्याला मणका बांधणारे छोटे छोटे स्नायू असतात, त्यांना मल्टिफिडस म्हणतात. लांब स्नायू अंग उचलतात, छोटे स्नायू मणक्यांना जागेवर धरतात. या मुलीचं अंग वाकायचं भरपूर, पण सगळं एकाच जागी. दाराच्या बिजागरीसारखं. खांदे, वरची पाठ, मांड्यांचा पुढचा भाग हे कुणीच वाटा उचलत नव्हतं, आणि धरून ठेवणारे स्नायू पोसलेले नव्हते. कंबर कच्ची नव्हती, ती एकटी पडली होती!

आता दुसरी गोष्ट. पाठीच्या स्नायूंचा टिकाव मोजायची एक प्रसिद्ध चाचणी आहे. डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन या डॉक्टरांच्या नावानं ती ओळखली जाते. टेबलावर पालथं झोपायचं, कमरेपासून वरचं अंग कडेच्या बाहेर काढायचं, पाय कुणीतरी घट्ट धरायचे आणि धड जमिनीला समांतर ठेवून जितका वेळ राहता येईल तितका वेळ राहायचं. १९८४ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या पुरुषांचा टिकाव चांगला, त्यांना पुढे पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचा धोका कमी. पुढे कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल यांनी सहकाऱ्यांसह, सरासरी २३ वर्षांच्या निरोगी तरुण-तरुणींवर अशीच मोजमापं घेतली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पुरुष सरासरी १४६ सेकंद टिकले. आणि स्त्रिया? १८९ सेकंद!

पुन्हा वाचा हवं तर. जड ओझं एकदा उचलण्यात पुरुष पुढे असतील. त्यांच्या धडाचं वजनही जास्त असतं, म्हणून त्यांना ते पेलणं कठीण जातं, हेही खरं. पण न ढळता टिकून राहण्यात बायकांची पाठ मागे नाही, चांगली पुढे आहे. ‘बाईची कंबर नाजूक’ म्हणणाऱ्या मावशींना हे आकडे जरूर सांगा.

तिसरी गोष्ट त्या आईसाठी होती, आणि आपल्यापैकी पुष्कळजणींसाठी आहे. एकदा कंबर दुखली, चार दिवस पडून राहिलो, दुखणं थांबलं की आपल्याला वाटतं झालं बरं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्यांदा कंबर दुखते तेव्हा हा मल्टिफिडस दुखऱ्या बाजूला बारीक होतो, आणि दुखणं थांबलं तरी आपोआप पूर्ववत होत नाही. त्याला व्यायाम देऊन परत उभं करावं लागतं. बाम आणि पट्टा दुखणं शमवतील, पण रोडावलेला स्नायू त्यांनी पोसला जात नाही.

जिना पायरी पायरीनंच

तीन महिन्यांची विश्रांती झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, फिजिओथेरपिस्टनं तपासलं, आणि मुलीचा व्यायाम सुरू झाला. एकटीला कंटाळा येतो म्हणून आई सोबत बसू लागली. त्यांना दिलेल्या पायऱ्या अशा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. स्नायू व्यायामात थकतो आणि विश्रांतीत वाढतो, म्हणून रोज रोज नको.

पहिली पायरी, साधारण महिनाभर. उताणं झोपून गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर. नितंब आवळून कंबर उचला. हे आपलं सेतुबंधासन. १० सेकंद थांबा, सोडा. असं पाच-सहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर या, बाळ रांगतं तशा. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही पाठीच्या रेषेत. १० सेकंद. मग दुसरी बाजू. कमरेवर पाण्याची वाटी ठेवली आहे असं समजा, पाणी सांडता कामा नये. आमच्याकडे मुली खरंच वाटी ठेवतात आणि सुरुवातीला चटई चांगली भिजते!

दुसरी पायरी शलभासनाची. पालथं झोपा, कपाळ जमिनीवर. आधी एक पाय, काही दिवसांनी दोन्ही. जमिनीपासून चार बोटं वर, बास. पाय जितके उंच तितकं चांगलं, असं वाटतं ना? इथेच फसगत होते. पाय फार वर नेले की कंबर खोलगट होते आणि सगळा ताण पुन्हा त्या एका बिजागरीवर. बेंबी किंचित आत, नितंब घट्ट, पाय लांब ताणलेले. १० सेकंदांवरून हळूहळू ३० सेकंदांवर या. जोडीला पोटाचा व्यायाम: उताणं झोपून कंबर जमिनीला चिकटवा, गुडघे पोटाशी, डोकं-खांदे किंचित वर. मग पाय थोडे थोडे लांब करत न्या. जिम्नॅस्टिक्सवाले याला ‘हॉलो’ म्हणतात. कमरेखाली बोट शिरेल एवढी जागा झाली की समजा, तुमची आजची हद्द तिथपर्यंत.

तिसरी पायरी दिवाणाची, आणि मयूरासनाची खरी किल्ली हीच. जड, न हलणारा लाकडी दिवाण घ्या. त्यावर पालथं झोपा, जांघ काठावर येईल अशी, पाय खाली लोंबते. हातांनी समोरची कड घट्ट धरा. आता गुडघे दुमडून मांड्या पाठीच्या रेषेत उचला. जमलं की एक पाय सरळ, मग दोन्ही. रेषेच्या वर नाही. १० सेकंदांचे पाच फेरे, मग १५ सेकंद, मग २०. इथे ३० सेकंद स्थिर राहता आलं, की घागर पेलायला कंबर तयार झाली म्हणायची.

चौथी पायरी मयूरासनाची. तिच्याआधी मनगटं तयार करायची, नाहीतर तीच कुरकुरतात. हात-गुडघ्यांवर येऊन बोटं मागे वळवून हळूहळू भार द्यायचा, हे पहिल्या महिन्यापासून चालू ठेवा. मग पावलं पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवून कोपरं पोटात रुतवायची, वजन पुढे न्यायचं आणि एक पाय उचलायचा. मग दुसरा. मग कधीतरी दोन्ही, २ सेकंद. पुढे उशी ठेवा, नाक महाग आहे!

ही चढण किती दिवसांत चढायची, असं सगळ्या विचारतात. मुलीला पाच महिने लागले. मयूरासन २० सेकंद धरू लागली तेव्हा तिला पुन्हा दोरावर चढवलं. आता ती मागे वाकते तेव्हा छाती आणि खांदेही वाकतात, कंबर एकटी राबत नाही. आईला दहा महिने लागले. तीन बोटं उंच, ४ सेकंद! पण त्या आधीच, साधारण तिसऱ्या महिन्यात, मशीनवरून उठताना भिंतीला हात लावायची तिची सवय गेली होती. हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं, सासूबाईंनी सांगितलं.

आणि सासूबाई, म्हणजे त्या आजी? त्यांनी आधी लांबून बघितलं, मग जवळ येऊन बघितलं. आता सेकंद मोजायचं काम त्यांच्याकडे आहे. नातीचे सेकंद त्या जरा भरभर मोजतात, असं सूनबाईचं म्हणणं आहे!

‘आता या वयात?’

मुलींना आणायला येणाऱ्या आया पूर्वी ओट्यावर बसून वाट बघायच्या. या आईचं बघून एकेक करून आत येऊ लागल्या. आता त्यांचा वेगळा वर्ग आहे, सगळ्यात लहान अठ्ठावीसची आणि थोरल्या एकसष्टच्या. नवीन येणारीचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मॅडम, आता या वयात?’ मग मी त्यांना उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिनाची गोष्ट सांगते. १९९२ ते २०२१ या काळात ही बाई आठ ऑलिंपिक खेळली. मध्ये मुलगा झाला. त्याला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा त्याच्या उपचारांसाठी ती जर्मनीला गेली आणि तिकडूनही खेळली. टोकियोच्या मैदानात उतरली तेव्हा वय होतं ४६. आपल्याला काही ऑलिंपिक गाठायचं नाही, दिवाणाच्या काठावर पाय तेवढे उचलायचे आहेत!

एकसष्टच्या काकू मयूरासनाच्या वाटेला जात नाहीत, जायची गरजही नाही. त्या दुसऱ्या पायरीवर आनंदात आहेत. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा पाठ ताठ ठेवणारे व्यायाम तब्येतीप्रमाणे, डॉक्टरांना विचारून जरूर करावेत. पण पायाची बोटं धरायला जोरात पुढे वाकणं, उठाबशा काढल्यासारखं पोट मुडपणं हे टाळलेलं बरं. त्यानं ठिसूळ मणक्यांवर दाब येतो.

काही गोष्टी मात्र गाठीला बांधून ठेवा. मयूरासनात पोटावर चांगलाच दाब पडतो, त्यामुळे गरोदरपणी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत, पाळीच्या दिवसांत, हर्निया किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर ते करायचं नाही. बाळंतिणीनं पहिली पायरीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. दुसऱ्या दिवशी स्नायू जरा ठणकले तर ती व्यायामाची पावती. पण दुखणं नितंबातून पायात उतरत असेल, पाय बधिर वाटत असेल, रात्री दुखण्यानं जाग येत असेल, तर व्यायाम थांबवून दवाखाना गाठायचा. लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी, उशीर नको. ‘बघू सणावारानंतर’ हे आपलं आवडतं वाक्य इथे चालत नाही.

आणि एक शेवटचं, अगदी घरगुती. झोपेत आपल्या मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण सेंटिमीटरभर उंचही असतो! पण फुगलेल्या चकत्यांवर वाकण्याचा ताण जास्त येतो. १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, जुनाट कंबरदुखी असलेल्यांनी सकाळी उठल्यावर वाकणं टाळलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. आणि आपण नेमकं काय करतो? उठल्या उठल्या अंगण झाडतो, सडा घालतो, नळ आला म्हणून हंडे भरतो. नळाची वेळ आपल्या हातात नाही, कबूल. पण झाडू लांब दांड्याचा घेता येतो. हंडा उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून बसता येतं आणि तो अंगाजवळ धरता येतो. नाहीतर घरातल्या दोन पायांच्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारता येते!

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक चटई अंथरा. हात-गुडघ्यांवर या, एक हात पुढे, उलटा पाय मागे. मनातल्या मनात दहा मोजा, आणि मोजताना भरभर मोजू नका. व्यायाम उद्या सकाळी उठल्याबरोबर करू म्हणाल, तर तेवढं नको. का ते वर सांगितलंच आहे!